पैलवान आबांसाठी विमानात एक सीट की दोन?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुमचे वडील, म्हणजे आबा, जुने पैलवान, आज वजन १३० किलोच्या आसपास. तुमच्या भाचीचं लग्न विशाखापट्टणमला. जाताना तुम्ही आणि आबा कोल्हापूरहून हैदराबादमार्गे विमानानं जाणार, तुम्ही पुढं तिथंच थांबणार, म्हणून येताना आबा एकटे. मागच्या प्रवासात शेजारच्या माणसानं सगळ्यांदेखत आवाज चढवून दुसरी जागा मागितली आणि तेव्हापासून आबा विमानाचं नाव काढू देत नाहीत. दोन तिकिटं काढावीत का, नाही काढली तर उतरवतील का, आणि तो शेजारी चुकला का, हे तुम्हाला हवंय.

कोल्हापुरात राजारामपुरीत तिकीट बुकिंगच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेलीत आणि गिऱ्हाइकांत तालमीतली माणसं पहिल्यापासून आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. आधी सरळ उत्तर: जाताना दोघांची दोन तिकिटं पुरे. येताना आबांसाठी दोन सीट घ्या. वजन जास्त आहे एवढ्यावरून कुणी उतरवत नाही, पण बेल्ट लागलाच पाहिजे, त्याची तजवीज खाली सांगते. आणि शेजाऱ्याचं मागणं रास्त होतं, मागायची रीत वाईट होती.

आता सीटचं गणित. हे एकदा कळलं की आबांच्या मनातली निम्मी शरम जाईल असं मला वाटतं. इकॉनॉमीची सीट दोन हँडरेस्टच्या मध्ये १७ ते १८ इंच असते. बोईंग ७३७ च्या केबिनची आतली रुंदी ३.५४ मीटर, एअरबस ए३२० ची ३.७० मीटर. दोन्हीत एका रांगेत सहाच माणसं बसतात. म्हणजे १६ सेंटिमीटरचा फरक सहा जणांत वाटला की माणशी एक इंच मिळतो, म्हणून ७३७ मध्ये सीट १७ इंचांच्या जवळ आणि ए३२० मध्ये १८ च्या. आपल्याकडं इंडिगो आणि एअर इंडियाची बहुतेक देशांतर्गत विमानं ए३२० कुटुंबातली, अकासा आणि स्पाइसजेटची ७३७. तिकीट काढताना भाड्याशेजारी विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघत जा. आबांसारख्या माणसाला तो एक इंच जाणवतो.

पैलवानाची अडचण पोटाची नसतेच बहुतेकदा. सीट कमरेशी मोजलेली असते, आणि खांदे कमरेच्या वर हातभर रुंद पसरलेले. तुमच्या आबांना बेल्ट कदाचित सहज लागत असेल, तरी त्यांचा दंड शेजाऱ्याच्या जागेत जाणारच. तो आकसून घ्यायला माणूस तास-दीड तास हात छातीशी बांधून बसतो आणि उतरल्यावर मान आखडते. तालमीत कमावलेले खांदे आणि आजारपणानं वाढलेलं वजन, दोन्ही त्या १७ इंचांपुढं सारखेच ठरतात. रुंदी कंपनीनं ठरवली आहे. ती आबांनीही ठरवलेली नाही आणि शेजाऱ्यानंही नाही. तरी भांडण लागतं ते त्या दोघांत, हेच मला सगळ्यात जास्त खटकतं.

म्हणून जाताना काय करायचं ते ऐका. कोल्हापूर–हैदराबादला जाणारं इंडिगोचं एटीआर हे लहान विमान ७८ सीटचं आहे, दोन्ही बाजूला दोन-दोनच सीट, मधली सीट नाही. आबा खिडकीला, तुम्ही शेजारी, मधला हँडरेस्ट वर. तिसऱ्या माणसाचा संबंधच येत नाही. हैदराबादहून पुढं बहुधा तीन-तीनचं विमान असेल. तिथंही आबा खिडकीला आणि तुम्ही मधल्या सीटवर बसा. आयलला, म्हणजे मधल्या वाटेकडच्या सीटवर, जो कोणी येईल त्याची जागा त्याला पूर्ण मिळेल, कारण जी काही दाटी होईल ती बापलेकांत होईल. आबांना 'पाय मोकळे होतात' म्हणून आयलला बसवू नका. खांदा बाहेर येतो आणि ट्रॉली दर फेरीला त्यावर आपटते. खिडकीच्या बाजूला टेकायला तरी मिळतं. सीट निवडायचे दोन-चारशे रुपये वाचवायला जाऊ नका, यंत्रणेवर सोडलं तर बाप आठव्या रांगेत आणि लेक विसाव्या रांगेत असं होतं. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी क्रू हँडरेस्ट खाली घ्यायला सांगतात, तेवढा वेळ सोसावं लागेल.

सगळ्यात पुढची रांग आणि इमर्जन्सी एक्झिटची रांग घेऊ नका. तिथं पाय पसरायला जागा असते म्हणून लोक जादा पैसे भरून घेतात, पण पहिल्या रांगेत समोर सीट नसल्यानं ट्रे हँडरेस्टच्या आत बसवलेला असतो. असा हँडरेस्ट वर उचलला जात नाही आणि बसायची जागाही थोडी कमी होते. एक्झिटच्या रांगेत एक्स्टेंशन बेल्ट लावून बसू देत नाहीत.

बेल्टचं आता सांगते. प्रत्येक विमानात एक्स्टेंशन बेल्ट असतात, साधारण दोन फूट लांबीचे, त्याचे पैसे लागत नाहीत. आत शिरताना दारातच क्रूला हळूच 'एक्स्टेंशन बेल्ट लागेल' एवढं सांगायचं, ते जागेवर आणून देतात. बसल्यावर बटण दाबून बोलावलं की आजूबाजूचे चार जण वळून बघतात, आबांना नेमकं तेच नको आहे. ऑनलाइन विकत मिळणारा बेल्ट घेऊन जाऊ नका. बकल सगळ्या विमानांत सारखं नसतं आणि कंपन्या बाहेरचा बेल्ट लावू देत नाहीत. बेल्ट न लावता विमान हलवता येत नाही, त्यामुळं उतरवण्याची वेळ खरोखर येऊ शकते ती इथंच. एक्स्टेंशन मागितलं की तो प्रश्न मिटतो.

येतानाचा भाग जरा किचकट आहे. आबा एकटे, शेजारी अनोळखी माणूस. इथं मी दुसरी सीट घ्याच म्हणते. इंडिगोनं जुलै २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, एकाच प्रवाशाला दोन सीट द्यायची सोय काढली होती आणि जादा सीटला मूळ भाड्याच्या २५ टक्क्यांपर्यंत आकार ठेवला होता. तेव्हा कारण संसर्गाचं होतं. जादा सीटचे दर आणि अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात, म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून विचारा. वेबसाइटवर 'दोन प्रवासी' निवडून दोन्हीकडं आबांचंच नाव टाकू नका. दुहेरी बुकिंग समजून त्यातलं एक रद्द होऊ शकतं. कॉल सेंटरवरून किंवा एजंटाकडून 'एक्स्ट्रा सीट' म्हणूनच नोंद करून घ्या, दोन्ही टप्प्यांवर, आणि दोन्ही सीट एकमेकींच्या शेजारी आहेत का ते तिकिटावर डोळ्यांनी बघा. सात नंबरची खिडकी आणि बारा नंबरची मधली अशी 'जादा सीट' हातात पडलेली गिऱ्हाइकं माझ्याकडं आलेली आहेत.

त्या दिवशी वेब चेक-इनवर भिस्त ठेवू नका, काउंटरवर जा. दोन्ही सीटचे बोर्डिंग पास घ्या आणि गेटवर दोन्ही स्कॅन करायला सांगा. दुसरा पास स्कॅन झाला नाही तर ती सीट 'प्रवासी आलाच नाही' म्हणून दिसते आणि वेटिंगवरच्या कुणाला तरी दिली जाते. मग पैसे भरूनही आबा तिथंच अडकणार. आबा एकटे असल्यानं हे त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. गुडघ्यांमुळं चालायला त्रास होत असेल तर व्हीलचेअरची मदत ४८ तास आधी नोंदवा. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या नियमांत चालायला अडचण असणाऱ्या प्रवाशांसाठी ही तरतूद आहे. व्हीलचेअरला जाणती माणसं कमीपणा मानतात हे मला माहीत आहे, पण हैदराबादला गेट लांब असतात.

परतीला मुंबईमार्गे यायचं ठरलं तर स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ चाही विचार करा. ७६ सीटचं विमान, त्यातल्या १२ बिझनेसच्या. इकॉनॉमीतही दोन-दोनच सीट, तिथंही मधली सीट नाही. दोन इकॉनॉमी आणि एक बिझनेस, दोन्हीचे भाव शेजारी ठेवून बघा. कधी कधी बिझनेस स्वस्त पडतं आणि जादा सीटची ही सगळी खटपट वाचते.

आता तुमच्या प्रश्नाखाली एका सदस्यानं लिहिलंय की 'वजन जास्त तर पैसे जास्त, बॅगेला लागतात तसे'. मी हे मानत नाही, आणि कारण सांगते. १५ किलोच्या वरच्या बॅगेचे पैसे वजनाचे असतात. सीट मात्र वजनावर विकली जात नाही, ती जागा म्हणून विकली जाते. सामोआ एअरनं २०१३ मध्ये किलोवर तिकीट लावून बघितलं, जगभर त्याची चर्चा झाली, पण मोठ्या कंपन्या त्या वाटेला गेल्या नाहीत. वजनाचा खरा संबंध सुरक्षेशी आहे. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेत शार्लट इथं एक छोटं १९ आसनी विमान उडताक्षणी पडलं आणि १९ प्रवासी व दोन वैमानिक असे २१ जण गेले. शेपटीकडच्या नियंत्रणाची जोडणी चुकलेली होती, शिवाय विमान मर्यादेपेक्षा जड आणि मागच्या बाजूला झुकलेलं होतं. त्यानंतर तिथं प्रवाशांचं सरासरी वजन धरायचे आकडे वाढवले. फिनएअर आणि एअर न्यूझीलंड यांनी मधल्या काळात प्रवाशांची वजनं घेतली ती याच हिशेबासाठी, कुणाला दंड करायला नाही. एटीआरसारख्या लहान विमानात क्रू कधी कधी मागच्या माणसाला पुढं बसवतात, तेही समतोलासाठी. आबांना तसं सांगितलं तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

पैसे कुणी द्यायचे, याची जगात वेगवेगळी उत्तरं आहेत. कॅनडात २००८ मध्ये तिथल्या वाहतूक नियामकानं ठरवलं की स्थूलतेमुळं ज्याला खरोखर अपंगत्व आलं आहे त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसऱ्या सीटचे पैसे एअर कॅनडा आणि वेस्टजेटनं घेऊ नयेत. एक माणूस, एक भाडं. कंपन्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, पण तिथं त्यांचं अपील ऐकायलाच घेतलं गेलं नाही. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं वेगळी रेघ आखली: हँडरेस्ट ही हद्द, ती ओलांडली जात असेल तर दुसरी सीट घ्या. पूर्वी तिथं प्रवासानंतर त्या सीटचे पैसे परत मिळायचे. जानेवारी २०२६ पासून सीट आधीच विकत घ्यावी लागते आणि परतावा अटींवर, विमानात जागा रिकामी राहिली तरच. एअर फ्रान्स दुसऱ्या सीटवर २५ टक्के सूट देते आणि विमान भरलेलं नसेल तर ते पैसे परत करते.

यातली साउथवेस्टची हद्द मला पटते आणि कॅनडाचा हिशेब पटतो. हँडरेस्टची रेघ स्पष्ट आहे, तिथं कुणाच्या पोटाकडं बघून अंदाज करावा लागत नाही. पण त्या रेषेचा सगळा भार एकट्या प्रवाशाच्या खिशावर टाकणं अन्याय आहे, कारण १७ इंच हा आकडा कंपनीनं आपल्या फायद्यासाठी निवडलेला असतो. रिकाम्या सीटवर ना जेवण लागतं, ना सामान. जादा सीट भाड्याच्या काही भागातच द्यावी आणि ती मागायचं बटण तिकीट काढतानाच समोर असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता शेजाऱ्याचं. त्यानंही पूर्ण सीटचे पैसे भरले होते. एसटीच्या बाकावर तिघं आपसांत सरकून घेतात, तिथं मध्ये आडवं काही नसतं. विमानात हँडरेस्ट असतो, सरकायला जागाच नसते. एखाद्या बाईला प्रवासभर अनोळखी पुरुषाच्या दंडाला चिकटून बसावं लागलं तर ती तक्रार करणारच, आणि तिनं ती करावी. फक्त उठून मागं जाऊन क्रूशी बोलावं. जागेवरून ओरडू नये आणि फोटो तर अजिबात काढू नये. तालमीतल्या एका वस्तादांना मीच तिकीट काढून दिलं होतं. विमान भरताना क्रूनं त्यांना उभं ठेवून सगळ्या रांगांना ऐकू जाईल असं विचारलं, 'यांच्याशेजारी कोण बसेल?' खासबागेत कुस्तीच्या भरल्या मैदानात उभा राहिलेला माणूस मान खाली घालून परत आला. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून रेल्वेचीच तिकिटं काढली. ही चूक ना त्यांची होती ना शेजाऱ्याची. वस्ताद चेक-इनच्या काउंटरवर समोर उभे होते, तिथंच दोन वाक्यांत मिटवता आलं असतं.

म्हणून आबांना एवढंच सांगा की बसल्या बसल्या शेजाऱ्याशी आपणच आधी बोलावं. 'मी जरा रुंद आहे, अडचण झाली तर सांगा, आपण क्रूला विचारू.' बहुतेक माणसं यावर वितळतात, त्यांचा राग दाटीपेक्षा न बोलण्याचा असतो. दुसरी सीट घेतली असेल तर याचीही गरज नाही.

परतीची तारीख आणि कुठल्या कंपनीचं विमान घेताय ते इथं लिहा. विमानाचा प्रकार बघून आबांना कुठली रांग बरी पडेल ते सांगते. लग्नसराईत शेजारच्या दोन सीट लवकर संपतात, तेव्हा या आठवड्यातच कळवा.