2एस लायपो 1सी ऐवजी 3सीवर चार्ज केली तर आयुष्य घटतं का?

तुमच्या रिमोटच्या गाडीचा लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पॅक 2एस, म्हणजे दोन सेलचा, 5000 एमएएच क्षमतेचा. चार्जचा वेग सीमध्ये मोजतात, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट. दुकानदार म्हणतो 5सीपर्यंत चालतो, चार्जर 1सी सुचवतो, आणि खरं कोणाचं असं तुम्ही विचारलंय. दोघंही खोटं बोलत नाहीत. 5सी ही पॅक सहन करू शकेल अशी मर्यादा आहे, 1सी हा त्याला मानवणारा वेग. मधला फरक आयुष्यातून वसूल होतो.

आधी आकडे. 1सी म्हणजे 5 अँपिअर, 3सी म्हणजे 15. स्टिकरवर ठळक छापलेलं 50सी किंवा 100सी हे डिस्चार्जचं रेटिंग असतं, त्याचा चार्जिंगशी काही संबंध नाही. चार्जची मर्यादा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. ती सापडली नाही तर 1सीच धरा.

जोरात चार्ज केल्यावर आत दोन गोष्टी बिघडतात. पहिली, लिथियमचे आयन सेलच्या ऋण इलेक्ट्रोडमधल्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला वेळ घेतात. करंट जास्त असला की ते बाहेरच अडतात आणि पृष्ठभागावर धातू म्हणून साचतात. त्यातलं बरंचसं लिथियम परत कामाला येत नाही. क्षमता घटते ती अशी, आणि पुढे पॅक फुगण्यातही याचा हात असतो. थंडीत हे फार लवकर होतं, म्हणून 10 अंशांखाली 1सीच्या वर जाऊच नका आणि शून्याखाली चार्जच करू नका.

दुसरी गोष्ट उष्णता. पॅकचा अंतर्गत रोध 10 मिलिओहम धरला तर 5 अँपिअरला पाव वॉट उष्णता होते, 15 अँपिअरला सव्वादोन वॉट, म्हणजे नऊपट. वेळ एक तृतीयांश लागला तरी एकूण उष्णता तिप्पट. नव्या पॅकला हे जाणवत नाही. पण पॅक जुना होऊन रोध 30 मिलिओहमवर गेला की तेच 15 अँपिअर पावणेसात वॉट उष्णता करतात. नवा असताना 3सी निमूट घेणारा पॅक वर्षभराने त्याच सेटिंगवर गरम का होतो, त्याचं उत्तर इथे आहे.

शिवाय वेळही तिपटीने वाचत नाही. रोधामुळे व्होल्टेज 8.4ला (दोन सेल, प्रत्येकी कमाल 4.2) लवकर टेकतं, तिथून चार्जर करंट कमी करत नेतो आणि हा शेवटचा टप्पा रेंगाळतो. दोन सेलमध्ये फरक असेल तर आणखीनच, कारण साध्या चार्जरचा बॅलन्स करंट (दोन्ही सेल एका पातळीवर आणणारा) काहीशे मिलिअँपिअरच असतो. चार्जरचे वॉटही बघा: 15 अँपिअर गुणिले 8.4 व्होल्ट म्हणजे 126 वॉट. 50 वॉटचा चार्जर 15वर लावलात तरी देणार सुमारे 6 अँपिअरच.

माझं मत स्पष्ट आहे. घरी नेहमी 1सी. शर्यतीच्या दिवशी दोन फेऱ्यांमध्ये वेळ नसेल तर 2सी, तेही मर्यादेत बसत असेल तरच. 3सी सवयीचं करू नका. पॅक दुसरा घेणं त्यापेक्षा परवडतं.

एक मात्र नक्की, बरेच पॅक चार्जच्या वेगाने मरत नाहीत. ते मरतात पूर्ण भरून आठवडाभर कपाटात पडल्यामुळे, आणि पळून आल्या आल्या गरमागरम चार्जरला लावल्यामुळे. हे दोन टाळल्याशिवाय 1सी पाळून फारसा उपयोग नाही. गाडीतून काढल्यावर पॅक हाताला कोमट लागत असेल तर थांबा, सावलीत खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आपल्याकडे मे महिन्यात बंद कारच्या डिकीत ठेवू नका, चार्ज तर तिथे मुळीच करू नका. दोन-तीन दिवसांत पळवणार नसाल तर चार्जरच्या स्टोरेज मोडने दर सेल 3.8 ते 3.85 व्होल्टवर आणून ठेवा. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) कटऑफ, म्हणजे मोटर थांबवण्याची पातळी, दर सेल 3.3 व्होल्टच्या आसपास लावा. 3.0च्या खाली गेलेला सेल पुढे कुठल्याही वेगाने चार्ज केला तरी दगा देऊ शकतो.

चार्जिंग नेहमी लायपो बॅलन्स मोडमध्येच, बॅलन्स लीड (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरींचा प्लग) जोडून आणि समोर बसून करा. निकेल-मेटल हायड्राइडचा मोड चुकून लागला तर आग लागू शकते.

चार्जर रोध दाखवत असेल तर महिन्यातून एकदा, पॅक पूर्ण भरलेला आणि दर वेळी साधारण सारख्याच तापमानाला असताना, प्रत्येक सेलचा आकडा लिहून ठेवा. नवा असतानाच्या दुप्पट झाला की 2सी बंद, 1सीवर या. एक सेल दुसऱ्यापेक्षा बराच वर गेला किंवा पॅक फुगला तर चार्ज करणं थांबवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.