रक्तातले क्षार आणि पापडातला खार

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत एक मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात वही आणि वडिलांचा रिपोर्ट असं दोन्ही घेऊन ती घरी आली. वडील तीन दिवस दवाखान्यात होते, आता बरे आहेत. तिची शंका तिच्याच शब्दांत देतो.

"काका, डॉक्टर म्हणाले, बाबांच्या रक्तातले क्षार कमी झाल्यात. मी हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करते, त्यात सांगतात की रक्त क्षारीय असतं. मग क्षार कमी झाल्यात म्हणजे रक्त आंबट झालं का? आत्या तर अल्कलाइन पाण्याची बाटली घेऊन आली होती. आणि आमच्या शाळेच्या पुस्तकात क्षारीय असं काही नव्हतंच, आम्लारिधर्मी होतं. क्षार म्हणजे नक्की काय समजायचं?"

उत्तर आधी सांगतो. डॉक्टरांचे क्षार आणि व्हिडिओतला क्षार या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. मराठी शालेय परिभाषेत तीन शब्द येतात: आम्ल, आम्लारी आणि क्षार. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना भिडले की क्षार आणि पाणी तयार होतं, म्हणजे आपल्याकडे क्षार हा मिठाच्या जातीचा पदार्थ. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला आपण अल्क म्हणतो. हिंदी पुस्तकांत तेच त्रिकूट अम्ल, क्षारक आणि लवण असं आहे आणि पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला ते क्षार म्हणतात. म्हणजे मराठीतला क्षार तो हिंदीतला लवण, आणि हिंदीतला क्षार तो मराठीतला अल्क. लिपी एक, अक्षरं एक, अर्थ मात्र जवळजवळ समोरासमोर. मराठी शाळेतून आलेलं पोर हिंदीतून शिकू लागलं की त्याचा इथं गोंधळ होणारच. तिच्या बाबांचं सोडियम कमी झालं होतं. रक्त आंबट झालं होतं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा आकडाही रिपोर्टवर वेगळा असतो.

एवढ्यावर तिला घरी पाठवता आलं असतं. पण शब्दाची गाठ हाताने सोडवून बघितली की ती पुन्हा बसत नाही, म्हणून तिला स्वयंपाकघरात नेलं. हळद पाण्यात कालवून जाड कागदाच्या पट्टीला लावली आणि पट्टी पंख्याखाली वाळवली. एका वाटीत लिंबाचा रस, दुसरीत मिठाचं पाणी, तिसरीत पापडखाराचं पाणी. लिंबाचा थेंब टाकला, पट्टी पिवळीच राहिली. मिठाच्या पाण्याचा टाकला, तरी पिवळीच. पापडखाराच्या पाण्याचा थेंब पडला आणि त्या जागी कुंकवासारखा तांबडा डाग उमटला. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीला चुना किंवा टाकणखार लावूनच होतं, तेव्हा कुंकवासारखा म्हणणं इथं शब्दशः खरं आहे. मग त्याच तांबड्या डागावर लिंबू पिळलं, तो परत पिवळा झाला.

आता मीठ आणि पापडखार, दोघांनाही मराठी पुस्तक क्षारच म्हणेल. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, पापडखार सोडियमच्या कार्बोनेट-बायकार्बोनेट जातीचा. दोघंही क्षार, तरी हळदीला तांबडं करतो तो एकटा पापडखार. कारण क्षार आपल्या आईबापांवर जातो. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यापासून झालेलं मीठ कोणाचीच बाजू घेत नाही. पापडखाराचा एक पालक सोडियमचा तीव्र आम्लारी आणि दुसरा सोडावॉटरमधलं कार्बॉनिक आम्ल, अगदी सौम्य. त्यामुळे पाण्यात तो आम्लारीसारखा वागतो.

माझ्या मते या शब्दाची सगळी कहाणी याच वाटीत आहे. जुन्या काळी क्षार मिळायचा राखेतून. झाडं जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची. राहतं ते मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. रचनेने बघितलं तर तो क्षार, मराठी पुस्तकातला. गुणाने बघितलं तर आम्लाचा वैरी, हिंदी पुस्तकातला. एकाच वस्तूला दोन्ही अर्थ लागू पडत होते. मराठी परिभाषेने रचना धरली, हिंदीने गुण धरला. चूक कोणाचीच नाही.

सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा अकरावा अध्याय क्षार तयार करण्यावरच आहे. क्षर् म्हणजे झरणं, झिजणं. जो झिजवतो, कुरतडतो तो क्षार, अशी त्यातली व्युत्पत्ती आहे. तिथं क्षाराचे मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे प्रकार आहेत. राखेच्या पाण्यात तापवून लाल केलेले शंख-शिंपल्यांसारखे चुन्याचे पदार्थ विझवायला सांगितलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर चुन्यामुळे त्या पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे खरा दाहक अल्क. तयार क्षार तोंड बंद केलेल्या लोखंडी भांड्यात ठेवायचा, कारण उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून तो मवाळ होतो (हे कारण आजचं, खबरदारी तेव्हाची). आणि क्षाराने केलेल्या जखमेवर आंबट पदार्थ लावायला सांगताना ग्रंथकार स्वतःच शंका काढतो, की आंबटही तीक्ष्ण आणि उष्णच, मग त्याने क्षाराची आग कशी शमते? उत्तर असं, की आंबटाशी संयोग झाला की क्षार आपला तीक्ष्णपणा सोडतो आणि मधुर होतो. उदासिनीकरणाचं, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारतात त्याचं, इतकं जुनं आणि इतकं नेमकं निरीक्षण वाचताना मला दरवेळी भरून येतं. भगंदरावर क्षारसूत्र, म्हणजे क्षार लावलेला दोरा, बांधतात त्यातला क्षार हाच, मिठाशी त्याचा संबंध नाही.

मराठी माणसाच्या तोंडी हाच शब्द खार झाला आणि तिथं तो दोन्हीकडे राहिला. पापडखार, टाकणखार, सज्जीखार, जवखार हे सगळे हळदीला तांबडं करणारे. पण खारं पाणी, खारे दाणे, खारट आमटी हे सगळे मिठाचे. लोणच्याचा खार तर चक्क आंबट-खारट! बोलीतच शब्द मिठाकडे इतका कललेला होता की पुस्तकवाल्यांनी क्षार हा शब्द मिठाच्या जातीला दिला, तो लोकांच्या जिभेवर सहज बसला. लवण शब्द आपल्याकडे लोणच्यात आणि लावण्यात तेवढा उरला आहे. आणि मीठ हा शब्द मूळचा मिष्ट, म्हणजे गोड! तो वेगळ्या दिवसाचा विषय.

आम्लारी हा शब्द मात्र मला फार आवडतो. आम्लाचा अरी, जसा मुराचा अरी मुरारी. शब्द फोडला की व्याख्या हातात. त्याचं काम बघायचं असेल तर आपल्या कोल्हापुराइतकी चांगली जागा नाही. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत तापत असताना गुळव्या चुन्याची निवळी घालतो. रस किंचित आम्लधर्मी असतो आणि उकळताना आम्लामुळे साखर फुटते, मग गूळ चिकट होतो, रवा धरत नाही. चुन्यातला आम्लारी ते आम्ल मारतो. त्यातून जे कॅल्शियमचे क्षार बनतात त्यांतले काही वर आलेल्या मळीबरोबर निघून जातात. आम्ल, आम्लारी आणि क्षार, तिघेही एकाच काहिलीत.

आता दवाखान्यात जाऊ. तिच्या बाबांचं सोडियम 124 होतं, असायला हवं 135 ते 145, लिटरमागे मिलिमोलमध्ये. पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 हवं. रक्तात क्षार मिठाच्या खड्यांसारखे फिरत नाहीत. विरघळले की ते फुटतात, सोडियमचा धन आयन (विद्युतभार असलेला कण) वेगळा आणि क्लोराइडचा ऋण आयन वेगळा. म्हणून रिपोर्टवर मीठ असं कधीच लिहिलेलं नसतं, सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड अशा वेगवेगळ्या ओळी असतात. पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर आणि आत पोटॅशियम भरपूर, या फरकावर मज्जातंतूतला संदेश धावतो. सोडियम फार उतरलं की माणूस असंबद्ध बोलू लागतो, त्याचं कारण मेंदूत पाणी शिरून पेशी फुगतात हे आहे.

आणि क्षार कमी झाले या वाक्यात आणखी एक फसगत आहे. मीठ कमी पडलं असंच आपण धरतो. पण तो आकडा प्रमाणाचा आहे. तांबडा रस्सा चांगला जमलाय आणि ऐनवेळी चार पाहुणे वाढले म्हणून तांब्याभर पाणी ओतलं, तर रस्सा अळणी लागतो. मीठ तेवढंच असतं, पाणी वाढलेलं असतं. सोडियम उतरतं तेव्हा पुष्कळदा शरीरात हेच झालेलं असतं, आणि डॉक्टर उलट पाणी कमी प्यायला सांगतात. अशा वेळी आत्यानं मायेनं आणलेली बाटली, अल्कलाइन असो की साधी, जास्तीचं पाणीच ठरते. म्हणून घरच्यांनी क्षार कमी झाले एवढं ऐकून थांबू नये, कुठला क्षार आणि किती असं विचारावं.

रक्ताचा आम्लधर्मी-आम्लारिधर्मी कल बघायचा तो सामूवर, म्हणजे इंग्रजीतल्या pH वर. शेतकऱ्यांना हा शब्द माती परीक्षणाच्या कागदावरून माहीत असतो. सामूची कल्पना सोरेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1909 मध्ये मांडली. 7 म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर आम्लारी, आणि एक घर सरकलं की दसपट फरक. जठरातला रस साधारण 1.5 ते 3.5. रक्त 7.35 ते 7.45, म्हणजे किंचित आम्लारिधर्मी, आणि एवढ्याशा पट्टीत ते धरून ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस राबतात. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्ल कमी करतात, मूत्रपिंडं बायकार्बोनेट राखतात. बाहेरून पाण्याची बाटली पिऊन ही पट्टी हलत नाही, फार तर लघवीचा सामू बदलतो.

हे बायकार्बोनेट म्हणजे दोन्ही अर्थांचं सांध्यावरचं घर. रिपोर्टवर ते सोडियम-पोटॅशियमच्या शेजारीच, क्षारांच्या रांगेत असतं, साधारण 22 ते 28. पण काम करतं आम्लारीचं. जुलाबात ते मोठ्या प्रमाणात वाहून जातं, आणि तेव्हा मात्र क्षार गेले आणि रक्त आम्लाकडे झुकलं ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी होतात. म्हणूनच जलसंजीवनीच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड यांच्या जोडीला 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. पूर्वी त्या जागी खायचा सोडा होता. सायट्रेट घातलेली पुडी जास्त टिकते म्हणून 1984 पासून सायट्रेट आलं. हे सायट्रेट लिंबातल्याच आम्लाचा क्षार, आणि शरीरात मोडल्यावर त्यातून बायकार्बोनेट तयार होतं. आणि दवाखान्यातली नेहमीची सलाईन? लिटरला 9 ग्रॅम मीठ. निव्वळ क्षार, आम्लारी अजिबात नाही.

शब्दांचा हा भेद आपल्या जिल्ह्यातला शिरोळकडचा शेतकरी केव्हाचा पाळतो. पाणी जास्त होऊन जमिनीवर पांढरी फुटली की ती क्षारपड. पण त्यातही नुसते क्षार साठलेली जमीन वेगळी आणि चोपण वेगळी. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटलेलं असतं, सामू 8.5 च्या वर जातो, माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगड. पहिलीला निचरा काढून गोड्या पाण्याने धुतलं की भागतं, दुसरीला आधी जिप्सम घालावं लागतं. क्षार जास्त आणि सामू जास्त, या दोन तक्रारींना त्याने दोन नावं दिली आहेत, कारण चुकीच्या नावाने केलेला उपाय त्याला परवडत नाही.

तेव्हा परीक्षेत मराठीत लिहायचं असेल तर रक्त किंचित आम्लारिधर्मी असतं असंच लिही. अल्कधर्मी लिहिलंस तरी चालेल, क्षारीय नको. वॉर्डात नातेवाइकांशी बोलताना क्षार म्हणायला हरकत नाही, पण पुढे सोडियम किंवा पोटॅशियम असं नाव जोडावं. आहाराच्या जुन्या पुस्तकांत क्षार आणि जीवनसत्त्वे असं दिसलं तर तिथं क्षार म्हणजे लोह, कॅल्शियम वगैरे खनिजं.

निघताना तिनं आणखी एक विचारलं. पोटॅशियमची इंग्रजी अक्षरं ‘पी’पासून सुरू होतात, मग रिपोर्टवर त्याच्यासमोर ‘के’ का? लॅटिनमध्ये पोटॅशियमला कॅलियम म्हणतात, ते आलं अरबी अल्-कली वरून, आणि अल्-कली म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख. आपला अल्कली आणि अल्क तिथलाच. पोटॅश या नावातही भांड्यातली राखच आहे, आणि दाहक पोटॅशमधून, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून, 1807 साली हम्फ्री डेव्हीने विजेच्या जोरावर हा धातू पहिल्यांदा वेगळा काढला. म्हणजे अरबांची राख आणि सुश्रुताची राख एकाच गुणाची, आणि तिचं एक अक्षर दवाखान्याच्या कागदावर अजून आहे. तिनं रिपोर्ट परत उघडला. तिसऱ्या दिवशीचं सोडियम 133 वर आलं होतं, आणि ‘के’समोर 4.1.