बरीच वर्षं उभा असलेला ट्रॅव्हल ट्रेलर लांबच्या प्रवासाला काढण्याआधी काय काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, पाच वर्षं जागचा हललेला नाही, टायर मात्र नव्यासारखे दिसतात. मग टाक्या धुतल्या, बॅटरी चार्ज केली, हवा भरली की निघायला हरकत नाही ना? हरकत आहे. टाक्यांचं आणि बॅटरीचं नंतर सांगतो. टायर नव्यासारखे दिसतात हे वाचलं आणि मला राहवलं नाही.

टायरचं वय नक्षीवरून कळत नाही. ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा जो क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार अंक बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. पुष्कळदा हे चार अंक टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेलेली असते, तेव्हा टॉर्च घेऊन ट्रेलरखाली आडवं व्हावं लागतं. सहा वर्षांवरचा टायर मी ट्रेलरला लावून लांब नेत नाही. नक्षी कितीही खोल असू दे.

आमच्या दाजींचा ट्रेलर असाच घरामागे उभा होता. दोन ॲक्सलचा, चार चाकांचा. २०१९ च्या उन्हाळ्यात ताईकडची आणि आमच्याकडची सगळी मिळून निघायचं ठरलं. मी आदल्या दिवशी खाली शिरून अंक वाचले: ०९११. रिमजवळच्या रबरात बारीक चिरा होत्या, नखाला लागतील इतक्या. दाजींना बोलावून दाखवलं. त्यांनी अंगठा नक्षीत दाबला आणि म्हणाले, "अरे, हा पळालाच नाही, तर झिजेल कसा? उभी गाडी खराब होत नाही." ट्रेलर त्यांचा, वयाने मोठे ते. चारचौघांसमोर मी दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा हसण्यावारी नेलं.

उभी गाडी खराब होते. टायर पळतो तेव्हा रबर दबतं, सुटतं, आणि त्यात मिसळलेली संरक्षक मेणं वर येत राहतात. हवेतल्या ओझोनपासून रबराला तीच वाचवतात. एका जागी वर्षानुवर्षं वजन घेऊन उभ्या राहिलेल्या टायरला हे मिळत नाही, वर ऊन असतंच. म्हणून कमी पळालेला जुना टायर मी नियमित पळणाऱ्या टायरपेक्षा जास्त धोक्याचा समजतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्यांच्या मागे गाडी चालवत होतो. उजवीकडच्या मागच्या चाकातून आधी एक काळी पट्टी फडफडताना दिसली. मग नक्षीचा अख्खा पट्टा सुटून रस्त्यावर पडला. पुढे दाजींना काही कळलं नाही, कारण त्या बाजूचं दुसरं चाक भार धरून होतं. मी हॉर्न वाजवत, लाइट मारत राहिलो तेव्हा कुठे थांबले. उतरून बघतो तर पट्ट्यातल्या तारा बाहेर आलेल्या, चाकावरचं आच्छादन फाटलेलं, ब्रेकच्या वायरी तुटलेल्या आणि ट्रेलरच्या तळाखालून जाणारी गॅसची नळी वाकलेली. ताई म्हणाली, वास येतोय. सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद केले आणि मुलांना लांब नेलं. पोरं ट्रेलरपासून दूर जाईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

दाजी आजही म्हणतात, खिळा लागला होता. मी तो पट्टा उचलून आणला होता. सगळा चाचपला, खिळ्याचं भोक कुठेही नाही. त्याहून महत्त्वाचं, डाव्या बाजूच्या पुढच्या टायरवर नक्षीतच टेंगूळ आलेलं होतं. तिकडे तर काही फुटलं नव्हतं, जादा भारही पडला नव्हता. म्हणजे आतले थर तिथेही सुटायला लागले होते. त्या खेपेचे चारही टायर एकाच आठवड्याचे होते. दाजी हे उत्तर वाचत असतील तर त्यांनी त्या टेंगळाचं कारण मला सांगावं.

हवेचं एक सांगायला हवं. हवा कमी असतानाही टायर तापून असाच फाटतो, त्यामुळे चांगल्या टायरवरही गाफील राहू नका. एसटी छापाचे, म्हणजे खास ट्रेलरचे टायर असतील तर निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, ट्रेलरवरच्या पाटीवर लिहिलेली हवा भरा. स्टेपनीचे अंकही वाचा, ती बहुधा सगळ्यांत जुनी निघते. एका बाजूचा एक टायर फुटला तर त्याच्या शेजारच्याने दुप्पट भार ओढलेला असतो, तोही बदला.

बेअरिंगच्या बाबतीतही तेच. चाक जॅकवर उचलून फिरवलं, आवाज आला नाही, म्हणजे ठीक आहे असं नसतं. दाजींच्या ट्रेलरचे हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, नंतर मी स्वतः उघडले. ग्रीस पिवळट आणि घट्ट झालं होतं, आणि रेसवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या कड्यावर, रोलरच्या अंतराअंतराने तांबड्या रेघा उमटल्या होत्या. रोलर जिथे टेकून उभे होते नेमकं तिथेच ओल धरून गंज चढला होता. असं बेअरिंग पुसून पुन्हा बसवू नका, रेससकट बदला. ग्रीस सील प्रत्येक वेळी नवंच घाला. काही ॲक्सलना बंद बेअरिंग असतात, ती उघडायची नसतात. आधी पुस्तिका बघा. हब उघडा असतानाच विजेवरच्या ब्रेकचे मॅग्नेट आणि ड्रम बघून घ्या. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या स्विचची पिनही ओढून बघा.

आता तुमच्या टाक्या. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला साधारण ६० लिटरमागे ६० मिलिलिटर साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच, सगळ्या नळांतून ब्लीचचा वास येईपर्यंत फिरवा, काही तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. गरम पाण्याच्या नळातून सलग धार आल्याशिवाय हीटरचा विजेचा रॉड चालू करू नका, कोरडा रॉड बघता बघता जळतो. पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली लेड ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास टिकली पाहिजे. एका रात्रीत १२ वर आली तर ती गेली. गॅसच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. हीटरच्या बर्नरच्या नळीत कोळी आणि गांधीलमाश्या घरं करतात, ती साफ करा. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची मुदत मागे छापलेली असते, संपली असेल तर अलार्म वाजतोय म्हणून ठेवू नका. आणि सिलिंडर बंद करूनच गाडी हाकायची, फ्रिज गार राहावा म्हणून चालू ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याबरोबर प्रवासच करत नाही. छताच्या सांध्यांचं सीलंट एका दुपारीत बघून होतं.

टायरची सहा वर्षं हा माझा आकडा आहे. टायरच्या कंपनीने याहून कमी सांगितलं असेल तर तिचं ऐका.

निघण्याच्या आठवडाभर आधी सामान भरून तीसेक किलोमीटर चालवून आणा. थांबल्यावर चारही हबच्या जवळ हात नेऊन बघा, एकच बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर तो उघडा. चाकं काढून लावली असतील तर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून सगळे नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळा, नव्याने बसवलेल्या चाकाचे नट सैल पडतात.