मोठ्या निगेटिव्ह फ्लॅटबेडवर स्कॅन करताना सपाट कशा ठेवाव्यात?

तुमची अडचण अशी की आजोबांच्या अमळनेरच्या स्टुडिओतल्या हाफ प्लेट (पावणेपाच बाय साडेसहा इंची) आणि ४×५ इंची फिल्म निगेटिव्ह मधोमध फुगतात. एप्सन व्ही७०० या फ्लॅटबेड स्कॅनरवर कडा स्वच्छ येतात पण चेहरे धूसर, आणि वरून साधी काच ठेवून दाबलं की तेलाच्या तवंगासारखी वलयं उमटतात. मी जळगावात जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह स्कॅन करण्याचं काम करतो आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक खोक्यांची हीच तक्रार असते. निगेटिव्ह स्कॅनरवर सपाट करायला जाऊ नका, ती सपाट होऊनच स्कॅनरवर आली पाहिजे. काचेचं काम उरलासुरला बाक धरून ठेवण्यापुरतंच असतं.

फिल्म का वळते ते आधी लक्षात घ्या. इमल्शन म्हणजे फिल्मवरचा, चित्र धरणारा जिलेटिनचा थर. तो हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, खालचं प्लास्टिक मात्र त्या मानाने फारसं हलत नाही. हवा कोरडी झाली की जिलेटिन आक्रसतं आणि फिल्म इमल्शनच्या बाजूला वळते. हे होऊ नये म्हणून मोठ्या फिल्मच्या पाठीलाही जिलेटिनचा थर दिलेला असतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यापुढे तो पुरत नाही. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात गेला की कपाटातल्या निगेटिव्ह अक्षरशः वाळतात. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी हे काम काढूच नका. काढावंच लागलं तर कूलर चालू असलेल्या खोलीत करा. कूलरच्या हवेत ओलावा असतो, फिल्म थोडी सैलावते. फक्त झोताच्या समोर बसू नका, धूळ थेट निगेटिव्हवर येते. एक साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान फिल्म सगळ्यात समजूतदार वागते.

सपाट करण्यासाठी घाई अजिबात नको. प्रत्येक निगेटिव्ह स्वच्छ, आम्लरहित, खरखरीत पोताच्या कागदात ठेवा, अशा दहा-बारा एकावर एक रचा, वर-खाली जाड काच किंवा सपाट फळी आणि त्यावर वजन. दोन-तीन आठवडे विसरून जा. इमल्शन गुळगुळीत पृष्ठभागाला टेकू देऊ नका, पावसाळ्यात ते चिकटतं आणि तिथे चकाकते डाग पडतात. जुन्या स्टुडिओंची बटर पेपरची पाकिटंही याच कारणाने चिकटलेली सापडतात, ती ओढून काढू नका. उलट्या बाजूने गुंडाळून बाक मोडणं, इस्त्री, हेअर ड्रायर हे सगळं वर्ज्य. पन्नास वर्षांचं जिलेटिन तडकलं तर ते परत जोडता येत नाही.

सपाट झाली का हे पाहायला मोजमाप लागत नाही. निगेटिव्ह इमल्शन खाली करून स्वच्छ काचेवर ठेवा, ट्यूबलाइटखाली या आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून चकचकीत पाठीवर पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ असली तर काम झालं. मध्येच ती फुगली किंवा तुटली तर तिथे उंचवटा आहे, आणखी आठवडाभर वजनाखाली जाऊ द्या.

आता स्कॅनर. व्ही७०० मध्ये दोन लेन्स आहेत आणि फोकस दोन्हींचा ठरलेला, तो आपल्याला हलवता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘फिल्म होल्डर’ निवडलं की काचेपासून सुमारे तीन मिलिमीटर वर बघणारी लेन्स लागते. ‘फिल्म एरिया गाइड’ निवडलं की थेट काचेच्या पातळीवर बघणारी. लोक निगेटिव्ह काचेवर ठेवतात आणि पर्याय होल्डरचा तसाच राहतो. मग फिल्म कितीही सपाट असो, धूसरच येणार. हाफ प्लेटच्या मापाचा होल्डर एप्सन देत नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: हाफ प्लेट थेट काचेवर, इमल्शन खाली, एरिया गाइडचा पर्याय. होल्डरसाठीच्या लेन्सचे रिझोल्यूशनचे आकडे मोठे असले तरी बाक आलेल्या फिल्मवर ते आकडे पदरात पडत नाहीत. ४×५ होल्डरमध्ये चालेल, पण तिथे फिल्म फक्त कडांना धरलेली असते आणि मधोमध पोट सुटतं. होल्डरच्या पायांची उंची २.५, ३ आणि ३.५ मिलिमीटर अशी बदलता येते. तिन्ही उंचींवर एकच तुकडा २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) स्कॅन करून पाहा.

फोकस तपासायला स्टुडिओच्या निगेटिव्हमध्ये उत्तम खूण आयतीच मिळते. गालावर, डोळ्यांखाली रिटचरने (निगेटिव्हवर चेहरा सुधारणाऱ्या कारागिराने) टोकदार पेन्सिलीने मारलेले बारीक फराटे इमल्शनवरच असतात. १०० टक्क्यांवर पाहताना ते सुटे सुटे दिसले तर फोकस बरोबर आहे.

वलयांचं कारण असं की काच आणि फिल्मची चकचकीत पाठ यांच्यात हवेचा अतिशय पातळ, कमी-जास्त जाडीचा थर अडकतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून पट्टे तयार होतात. इमल्शनची बाजू मंद असते, म्हणून ती खाली ठेवली की स्कॅनरच्या काचेशी सहसा वलयं येत नाहीत. पाठीवर मात्र अँटी-न्यूटन (म्हणजे अशी वलयं येऊ न देणारी) काचच हवी, तिचा किंचित खरबरीत केलेला पृष्ठभाग फिल्मकडे करून. फ्रेमवाल्याकडची नॉन-ग्लेअर काच काहीजण वापरतात, पण तिचा पोत जाडसर असतो आणि आकाशासारख्या मोकळ्या भागात तो दाणे बनून दिसतो. घ्यायचीच तर आधी नुसती काच स्कॅन करून बघा. हाफ प्लेटच्या मापाची दोन मिलिमीटर जाडीची काच भरते जेमतेम शंभर ग्रॅम. एवढ्या वजनाने गुंडाळी झालेली फिल्म बसत नाही, हे सांगण्यासाठीच वर इतकं पाल्हाळ लावलं. आणि काच ठेवताना स्कॅनरची कॅलिब्रेशनची पट्टी (काचेच्या टोकाचा, स्कॅनर आधी प्रकाश तपासतो तो भाग) झाकली जाणार नाही हे बघा, नाहीतर पूर्ण स्कॅनभर रेघा येतात.

इमल्शन खाली ठेवल्याने चित्र उलटं येतं, ते सॉफ्टवेअरमध्ये आरशातल्यासारखं डावं-उजवं पालटा. बरोबर पालटलं का हे पाहायला पुरुषाच्या शर्टाचा खिसा बघा, तो त्याच्या डाव्या छातीवर हवा. पदरावरून ठरवू नका. आपल्याकडे गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावर पदर घेणाऱ्या बायकाही फोटोत पुष्कळ असतात.

रिझोल्यूशनचा हव्यास धरू नका. हाफ प्लेट १२०० डीपीआयला स्कॅन केली तरी सुमारे ४४ मेगापिक्सेलची फाइल होते आणि ३०० डीपीआयने १९×२६ इंचांचा प्रिंट निघतो. घरच्या लग्नाच्या, मुंजीच्या फोटोंना याहून जास्त क्वचितच लागतं, आणि त्या मापाला थोडा बाक खपूनही जातो. निवडक निगेटिव्हच २४०० ला करा.

वेट माउंटिंगबद्दल तुम्ही विचारलंय. म्हणजे फिल्म आणि काच यांच्यात द्रव भरायचा. वलयं जातात, ओरखडे बुजतात, फिल्म चिकटून सपाट बसते. तरीही तुमच्या निगेटिव्हसाठी मी ठाम नाही म्हणेन. पेन्सिल धरावी म्हणून स्टुडिओवाले इमल्शनवर राळेचं रिटचिंग मीडियम लावत. माउंटिंगच्या द्रवात ते विरघळू शकतं आणि त्याबरोबर पेन्सिलीचं कामही जातं. ते काम हाही त्या फोटोचा भाग आहे. खान्देशातली फोटोग्राफी म्हटली की चाळीसगावच्या केकी मूस यांचं नाव निघतं, आणि ते रास्तच आहे. पण तालुक्याच्या गावी बसून एकेका चेहऱ्यावर तासभर पेन्सिल चालवणाऱ्यांचा हात आता फक्त या निगेटिव्हवरच उरलाय. शिवाय हे द्रव ज्वलनशील असतात, आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीत ते वापरू नयेत.

काही निगेटिव्ह कितीही दिवस दाबल्या तरी सपाट होणार नाहीत. पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला आणि फिल्मवर नाल्या पडल्यासारख्या सुरकुत्या दिसल्या तर तिचा अ‍ॅसिटेट बेस कुजून आक्रसतोय आणि इमल्शन त्यावरून सुटतंय. ती दाबली तर सुरकुती मोडून तडा जातो. अशा निगेटिव्ह बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा, त्यांचा आंबट वायू शेजारच्या फिल्मनाही खराब करतो. त्या स्कॅनरवर न ठेवता लाइट पॅनेलवर मोकळ्या ठेवून मॅक्रो लेन्सने वरून फोटो काढा, अ‍ॅपर्चर एफ/११ च्या आसपास. उंचवटे बऱ्याच अंशी फोकसमध्ये येतात. आणि खोक्यातून हाती येतील तशा, पहिल्या त्याच घ्या. बाकीच्या पावसाळ्यापर्यंत थांबतील.