‘आघातचिन्ह’ म्हणावं का?

प्रश्न दुहेरी आहे. फ्रेंच-स्पॅनिश अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा-ठिपक्यांना मराठीत ‘आघातचिन्हं’ म्हणावं का? आणि ‘कॅफे’ रोमन लिपीत लिहिलं की शेवटच्या रेघवाल्या ई-ऐवजी कधीकधी दोन भलतीच चिन्हं का उमटतात?

आघात म्हणजे उच्चारातला जोर, म्हणून ‘आघातचिन्ह’ स्पॅनिशपुरतं ठीक. लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणजे बटाटा. शेवटच्या ए-वर तिरकी रेघ दिली की जोर तिथे जातो आणि बटाट्याचे वडील होतात. फ्रेंचमध्ये मात्र ‘किंवा’ आणि ‘कुठे’ या दोन्हींचा उच्चार ‘ऊ’च. ‘कुठे’मधल्या यू-वर रेघ असते ती फक्त डोळ्यांसाठी. जर्मनमध्ये ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’. ओ-वर दोन ठिपके दिले की स्वरच बदलतो आणि अर्थ होतो ‘सुंदर’. स्वीडिशमध्ये तर ठिपकेवाला ओ हे वेगळंच अक्षर, वर्णमालेत झेडच्याही नंतर बसणारं. यात आघात कुठे आला? मी आपली साधं ‘खूण’ म्हणते.

आता ती भलती चिन्हं. संगणक अक्षरं साठवतो ती क्रमांकांनी, आणि कुठल्या अक्षराचा क्रमांक कोणता ते तक्ता ठरवतो. १९६३च्या आस्की तक्त्यात जागा १२८, त्यात रेघवाल्या ई-ला थारा नव्हता. पुढे पश्चिम युरोपसाठी २५६ जागांचा लॅटिन-१ तक्ता आला, त्यात तिला २३३ क्रमांक मिळाला. पोलिश, चेक वगैरेंचा तक्ता निराळा. त्यामुळे २३२ म्हणजे एकीकडे उलट्या रेघेचा ई, तर दुसरीकडे चेक लोकांचा ‘च’! युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक तक्त्याने क्रमांक २३३च ठेवला, पण तो साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत १९५ आणि १६९ अशा दोन बाइटांत साठवला जातो. जुना तक्ता धरून वाचणारा प्रोग्राम १९५चा नागमोडी रेघेचा ए करतो आणि १६९चा वर्तुळातला सी, म्हणजे चक्क कॉपीराइटची खूण. फाईल बिघडलेली नसते. पुन्हा टंकत बसू नका, यूटीएफ-८ निवडून उघडा.

अजून एक भानगड आहे. हीच ई साधी ई आणि सुटी रेघ जोडूनही लिहिता येते. दिसायला तीच, पण एकीचा शोध घेतला तर दुसरी सापडेलच असं नाही. आपल्या ‘ऱ’चंही तेच: एक तयार, दुसरा र-ला नुक्ता, म्हणजे खालचा ठिपका, जोडलेला. ‘दऱ्या’ डोळ्यांसमोर असून शोधात येत नसेल, तर शेवटापासून पुसत सुट्या ‘ऱ’पर्यंत या आणि त्याच्यानंतर कर्सर असताना आणखी एकदा बॅकस्पेस दाबा. नुक्ता जाऊन र उरला, तर तो जोडकामाचा.