एकच टिक आणि बारा दिवस

"बारा दिवस झाले, मेसेजवर एकच टिक आहे. जहाजावर काही झालं असेल का? आणि झालंच असेल तर आम्हाला सांगणार कोण?"

नौसैनिकांचे आईवडील समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न कुठल्या तरी रूपात येतोच. पुढची हकीकत अशाच एका जोडप्याची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा चोविशीतला, युद्धनौकेवर, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तैनाती सहा महिन्यांची सांगितलेली. आई रात्री दीडला, साडेतीनला आणि पाचला उठून 'लास्ट सीन' बघायची. वडील जहाजांची ठिकाणं दाखवणारं ॲप उघडून बसायचे आणि जेवताना त्याचा वृत्तान्त द्यायचे. सून तिच्या माहेरी होती. तिच्याशी बोलणं आठवड्यातून एकदा, तेही तुटक.

'काळजी करू नका' हे वाक्य त्या घरात प्रत्येक पाहुणा म्हणून गेला होता. त्याचा उपयोग होत नाही, कारण काळजी करणं हेच आपण मुलासाठी करू शकतो असं आईला वाटत असतं. ते थांबवायला सांगितलं की ती चिडते, आणि तिचं चुकत नाही. माणूस मनात आहे, पण समोर नाही आणि त्याचं काय झालं, तो परतेल का ते नक्की नाही, या अवस्थेला अमेरिकी कुटुंब-समुपदेशक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात 'संदिग्ध हानी' म्हटलं. युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर त्या तेव्हा काम करत होत्या. तैनातीवर गेलेला मुलगा बेपत्ता नसतो. पण संपर्क तुटलेल्या दिवसांत आईच्या मनाची घालमेल त्याच जातीची असते. शोक करावा असं काही घडलेलं नसतं आणि निर्धास्त व्हावं असंही काही हाती नसतं.

म्हणून सुरुवात माहितीपासून केली. एक टिक म्हणजे मेसेज समोरच्या फोनवर पोचलेला नाही, एवढंच. किनारा सुटला की मोबाइलची रेंज जाते. कित्येक नौदलांत खाजगी फोनवर कडक बंधनं असतात. भारतीय नौदलाने तर डिसेंबर २०१९ मध्ये युद्धनौका आणि तळांवर स्मार्टफोनच बंद केले. जहाजाचं स्वतःचं इंटरनेट उपग्रहावरून येतं, ते आधी कामाला आणि उरलं तर शेकडो जणांत वाटून. शिवाय जहाज कधी कधी ठरवून गप्प राहतं. रडार, रेडिओ आणि उपग्रह-संपर्कातून निघणाऱ्या लहरींवरून शत्रूला जहाजाची दिशा काढता येते, म्हणून प्रसारण बंद ठेवतात. अशा दिवसांत कप्तानापासून नव्या पोरापर्यंत कुणाचाच निरोप बाहेर जात नाही.

आणखी एक कारण आईवडिलांना सांगायला समुपदेशक कचरतात, पण ते सांगितलंच पाहिजे. कुठे अपघात झाला, कुणी जखमी झालं, तर सगळ्यांचाच खाजगी संपर्क काही काळ तोडतात. ब्रिटिश सैन्यदलांत याला 'ऑपरेशन मिनिमाइज' म्हणतात. अमेरिकी नौदलात संपर्कावरच्या अशा निर्बंधांना 'रिव्हर सिटी' हे नाव आहे. हेतू असा की ज्याच्या घरी वाईट बातमी जायची आहे त्या घराला ती अधिकृत माणसाकडूनच कळावी, मित्राच्या मेसेजमधून किंवा टीव्हीवरून नव्हे. अमेरिकेत कुटुंबाला कळवून २४ तास होईपर्यंत मृताचं नाव जाहीर करत नाहीत. हे ऐकून आई आधी घाबरली. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "म्हणजे आमच्याकडे कुणी आलं नाही, याचाच अर्थ...?" हो, बराचसा तोच. शांतता बातमी घेऊन येत नाही. बातमी माणूस घेऊन येतो.

पण कुणाच्या दारात येतो? इथे या घराची खरी गाठ होती. नौदलाच्या नोंदीत जवळचा नातेवाईक म्हणून एक नाव पहिलं असतं आणि लग्नानंतर बहुतेक वेळा ते पत्नीचं होतं. जहाजाची पत्रकं, कुटुंबांसाठीच्या बैठकांची सूचना, परतीच्या दिवसाची खबर, सगळं तिच्याकडे जातं. आईला हे ठाऊकच नव्हतं. सून मुद्दाम काही दडवते असं तिने धरून चाललं होतं. सुनेच्या बाजूने पाहिलं तर रोज सकाळी "काही कळलं का?" असा फोन आला की तिला तोंडी परीक्षा दिल्यासारखं वाटायचं, म्हणून तिने फोन घेणं कमी केलं होतं. नंतरच्या बैठकीत तिलाही बोलावलं. ठरलं ते अगदी साधं. काही कळलं की सून दोन ओळींचा निरोप दोघांनाही एकाच वेळी पाठवेल. काही कळलं नसेल तर रविवारी संध्याकाळी 'काही नाही' एवढेच दोन शब्द. मधल्या दिवसांत आईने विचारायचं नाही. हा 'काही नाही'चा निरोप वरकरणी निरर्थक वाटतो, पण घरातला निम्मा ताण त्याने उतरला. पुढच्या रविवारपर्यंत वाट बघायला एक खुंटी मिळाली.

त्याच बैठकीत एक कागद तयार केला. मुलगा निघण्याआधी व्हायला हवा होता, पण जहाज गेल्यावरही तो बनवता येतो. त्यावर मुलाचं पूर्ण नाव आणि सेवा क्रमांक, जहाजाचं नाव, त्याचा विभाग, टपालाचा पत्ता, किनाऱ्यावरच्या कुटुंब-संपर्क अधिकाऱ्याचा किंवा युनिटच्या कार्यालयाचा नंबर, नोंदीत पहिलं नाव कुणाचं आणि दुसरं कुणाचं, विमा आणि बँकेची कागदपत्रं कुठल्या कपाटात, हे सारं लिहायचं. तीन प्रती काढायच्या. एक आईवडिलांकडे, एक सुनेकडे, एक भरवशाच्या शेजाऱ्याकडे बंद पाकिटात. जन्मतारीख, नोंदीतली नावं, पत्ते बरोबर आहेत का ते मुलानेच तपासायचं असतं. घर बदललं, फोन नंबर बदलला आणि नोंद जुनीच राहिली, ही चूक सगळ्यांत जास्त दिसते.

आईला एक साधी वही करायला सांगितलं. डावीकडे तारीख आणि त्याचा निरोप ज्या वाटेने आला ती वाट, म्हणजे मेल, फोन की सुनेकडून. उजवीकडे त्याआधी किती दिवस शांतता होती तो आकडा. रोज रात्री भीती दाटली की वेगळ्या पानावर दोन रकाने: 'कळलेलं' आणि 'मी जोडलेलं'. पहिल्या आठवड्यात 'कळलेलं' या रकान्यात एकच ओळ होती, 'निरोप नाही'. दुसऱ्या रकान्याला पान पुरलं नाही. दोन महिन्यांनी शांततेचे आकडे असे होते: ४, १२, ६, ९, १७, ५. सतराव्या दिवसानंतर आलेला मेल होता, 'मोजे पाठवू नका, आहेत.' त्यानंतर तेरावा दिवस आला तेव्हा तिला कुणी समजवावं लागलं नाही. स्वतःच्याच वहीत सतराचा आकडा होता.

वडिलांचं ॲप सोडवणं अवघड गेलं. मोठ्या व्यापारी जहाजांना ओळख आणि ठिकाण प्रसारित करणारी एआयएस यंत्रणा बाळगावी लागते. युद्धनौकांना तो नियम लागू नाही, त्या ती हवी तेव्हा बंद ठेवतात. त्यामुळे ॲपवर दिसणारा ठिपका जुना असू शकतो, खोटाही असू शकतो. जून २०२१ मध्ये ब्रिटनचं 'डिफेंडर' आणि नेदरलँड्सचं 'एव्हर्टसन' या युद्धनौका काळ्या समुद्रात सेव्हास्तोपोल या रशियाच्या नौदल तळाच्या तोंडाशी गेल्याचं एआयएसवर दिसत होतं, त्याच वेळी दोन्ही जहाजं दूर युक्रेनमधल्या ओडेसा बंदराच्या धक्क्याला बांधलेली वेबकॅमवर दिसत होती. हे उदाहरण ऐकून वडील गप्प झाले, ॲप मात्र आठवडाभराने काढलं. मधल्या काळात एवढंच पाळलं की जे दिसेल ते जेवणाच्या ताटावर आणायचं नाही. बातम्या दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं आणि वाचून. टीव्हीवर तेच दृश्य चाळीसदा येतं आणि शरीर ते चाळीस वेगळ्या घटना म्हणून घेतं. रात्रीच्या जेवणानंतर बातम्या नाहीत.

ओघाने नातेवाइकांच्या ग्रुपचा विषय निघाला. मावशीने 'आमचा वाघ अमुक बंदरात, अमुक तारखेला परत' असं टाकलं होतं. जहाजाचं नाव, बंदर, तारीख, दिवसांची उलटी मोजणी, यांतलं काहीच कुठेही लिहू नये. घरगुती ग्रुप खाजगी नसतो. त्याच माहितीवर फसवणुकीचे फोनही येतात: "मी जहाजावरचा अधिकारी, तुमचा मुलगा अडचणीत आहे, पैसे पाठवा." असा फोन आला की ठेवायचा आणि कागदावरच्या नंबरवर स्वतः विचारायचं. मुलाशी एक परवलीचा शब्द ठरलेला असेल तर उत्तमच.

निरोप लिहिण्यातही कसब आहे. आईच्या मेलमध्ये "तू का लिहीत नाहीस?" हे वाक्य तीनदा होतं. मुलगा पाळी संपवून, चार-पाच तास झोपून, संगणकासमोर रांगेत उभा राहून ते वाचतो आणि उत्तर पुढे ढकलतो. मेलवर क्रमांक घालायचा, १, २, ३, कारण ते उलटसुलट पोचतात आणि 'डॉक्टर ठीक म्हणाले' हे आधी आणि 'ताप उतरत नाही' हे नंतर वाचलं तर गोंधळ होतो. एका मेलमध्ये प्रश्न एकच. बाकी घरातलं बारीकसारीक: नळ गळत होता तो दुरुस्त झाला, शेजारचं मांजर गच्चीवर अडकलं. जहाजावर हेच पुन्हा पुन्हा वाचलं जातं. पार्सल बुटांच्या खोक्याएवढं असावं, कारण बंकखालचा कप्पा तेवढाच. पातळ वस्तू दोन पिशव्यांत, पत्त्याची एक चिठ्ठी आतही, बॅटऱ्या आणि नासणारं काही नको. पोचायला आठवडे लागतात, म्हणून परतीच्या महिना-दीड महिना आधीच पार्सल थांबवावं.

चौथ्या बैठकीत वडिलांनी सांगितलं की त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय आणि ते मुलाला कळवायचं नाही. "त्याच्या डोक्याला ताप कशाला?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येतो. आमचं मत स्पष्ट आहे: दडवू नये. एकदा दडवल्याचं कळलं की पुढच्या प्रत्येक 'सगळं ठीक आहे'वर त्याचा विश्वास उडतो आणि समुद्रावर तो जास्त काळजी करतो. मात्र अर्धवट कळवू नये. तारीख, डॉक्टर काय म्हणाले, बरोबर कोण असेल, आणि शेवटी 'तुला काही करायचं नाही, संध्याकाळी निरोप पाठवू'. मजकूर चार ओळींचा पुरतो. खरंच गंभीर आजार किंवा मृत्यू असेल तर मेलवर विसंबू नये, अधिकृत वाटेने कळवावं. रुग्णाचं नाव आणि नातं, रुग्णालय आणि वॉर्ड, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि फोन, प्रकृतीबद्दल डॉक्टरांचे शब्द, एवढं तयार ठेवावं. कार्यालय आधी डॉक्टरांकडून खात्री करून घेतं आणि मग जहाजाला कळवतं. सुट्टीचा निर्णय जहाजाच्या प्रमुखाचा असतो. निरोप पोचला म्हणजे मुलगा निघाला, असं मात्र धरू नये.

आईचं एक शल्य उरलं होतं. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात तो तुसडेपणाने वागला, दोन संध्याकाळी मित्रांबरोबर काढल्या. अमेरिकी लेखिका कॅथलीन व्हेस्टल लोगन यांनी १९८७ मध्ये तैनातीच्या भावनिक चक्राचे सात टप्पे मांडले. त्यातला दुसराच टप्पा मनाने अलिप्त होण्याचा आहे. ती मांडणी नौसैनिकांच्या पत्नींबद्दलची होती, पण आईवडिलांनाही ती लागू पडते. माणूस शरीराने निघण्याआधी मनाने निघतो आणि शेवटची भांडणं बहुधा तेव्हाची असतात. आईने हे ऐकलं आणि मेल क्रमांक २३ मध्ये त्या आठवड्याचा उल्लेखच केला नाही. आम्हाला ते बरोबर वाटलं.

सगळं बोलण्याने भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज दिवसभर मन उदास, झोप तुटक, खाणं सुटलेलं, छातीत धडधड, रोजच्या गोळ्या चुकवणं किंवा वडिलांचा 'झोपेसाठी' रोजचा पेला, यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे पाठवावं. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं तर त्याच दिवशी.

पाचव्या महिन्यात तैनाती वाढली. हे होतं. 'अब्राहम लिंकन' ही अमेरिकी विमानवाहू नौका जुलै २००२ मध्ये निघाली, घराकडे वळली असताना जानेवारी २००३ मध्ये तिला परत फिरवलं आणि ती मे महिन्यात पोचली. 'आयझेनहॉवर' ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून जुलै २०२४ मध्ये परतली, मुक्काम वाढत वाढत. म्हणून 'सहा महिने' हा आकडा घरात अंदाज म्हणूनच वापरावा. परतीच्या तारखेभोवती मंगलकार्य, प्रवासाची तिकिटं, हॉलचं बुकिंग काही बांधू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाला गोल करण्याऐवजी गेलेले दिवस खोडावेत. मुदत वाढली तरी ते खोडलेले दिवस तसेच राहतात.

आल्यावर पहिले तीन दिवस घरात गर्दी नको. तो अवेळी झोपेल, अवेळी उठेल, पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही म्हणेल. पहिली रात्र त्याची आणि सुनेची असावी, हे आईला तिसऱ्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. तेव्हा ती रडली, नंतर तिनेच दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. धक्क्यावर जायची परवानगी मर्यादित लोकांना असते, नावं आधी द्यावी लागतात, ओळखपत्र लागतं. जहाज दिसायला लागल्यापासून शिडी लागेपर्यंत दोन-तीन तास सहज जातात आणि बसायला जागा नसते. पाण्याची बाटली, टोपी आणि वडिलांच्या गोळ्या बरोबर घ्याव्यात.