अंगणात बकुळ लावू की निवडुंग?

प्रश्न : माई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. अथणीच्या बाहेर नव्या लेआउटमध्ये घर बांधलंय. पुढं पंचवीस बाय वीस फुटांचं अंगण आहे, तोंड पश्चिमेला, जमीन काळी. बोअरचं पाणी उन्हाळ्यात उतरतं आणि उरतं तेही मचूळ. चिरंजीव बेंगळुरूला असतो. तो म्हणतो, "अप्पा, कॅक्टस लावून टाका, पाण्याची कटकट नको." त्याच्या आईला बकुळ हवी आहे. कमी पाण्यात दोन्हींतलं काय जगेल? आणि या वयात लावलेल्या झाडाची सावली मला मिळेल का, तेही सांगा.
— एक वाचक, अथणी

उत्तर : नमस्कार गुरुजी. निकाल आधीच सांगून टाकते, मी वहिनींच्या बाजूनं आहे. पण चिरंजिवांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कमी पाण्यात दोन्ही जगतात. फक्त जगण्याची तऱ्हा वेगळी. निवडुंग पाणी खोडात साठवतो, पानांऐवजी काटे ठेवतो आणि पानांचं काम हिरव्या खोडाकडून करून घेतो. दिवसा तो आपली रंध्रं मिटून बसतो आणि रात्री गारव्यात उघडून हवा आत घेतो, त्यामुळं पाणी फार कमी उडतं. त्याच्या मुळ्या मात्र उथळ. वरच्या वितीभर मातीत पसरतात आणि चार थेंब पडले की पिऊन घेतात. बकुळ साठवत नाही, शोधते. पहिली दोन-तीन वर्षं वरून फारशी वाढ दिसत नाही, तेव्हा ती खाली मुळं सोडत असते. एकदा ती रुजली की वरची माती वाळून फुटली तरी पानं हिरवीगार.

आता तुमच्या मातीकडं या. अथणीचा पाऊस वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर. मृग बहुतेकदा हुलकावणी देतो आणि खरा पाऊस भाद्रपदाच्या सुमाराला येतो. आकडा बघून वाटतं, निवडुंगाला याहून चांगली जागा कुठली? पण काळी माती पाणी धरून बसते. लागोपाठ चार दिवस झड लागली की पुढं आठवडाभर खालचा चिखल आटत नाही, आणि निवडुंग बुडातून कुजायला तेवढं पुरतं. उन्हाळ्यानं मेलेला निवडुंग क्वचित दिसतो, पावसानं मेलेले पुष्कळ. तेव्हा लावायचाच असेल तर त्याला जमिनीत घालू नका. दीड फूट उंच वाफा बांधा, त्यात मुरूम, जाड वाळू आणि विटांचे तुकडे भरा, शेणखत नावापुरतं. हा खर्च चिरंजिवांनी धरलेला नसणार.

आणखी एक. नर्सरीतला निवडुंग हिरव्या जाळीखाली वाढलेला असतो. तो एप्रिलात आणून पश्चिमेच्या उन्हात ठेवलात तर अंगावर पांढरट-पिवळे चट्टे पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. वाळवंटाचं झाड म्हणून त्याला ऊन लागत नाही असं कुणी समजू नये. थंडीत आणा, आधी सकाळचं ऊन द्या, मग हळूहळू पुढं सरकवा.

चिरंजीव फोटो पाठवेल, त्यात उंच, धारदार कडांचे खांब दिसतील. त्यातले बरेच कॅक्टस नसतातच. आपल्या बांधावर कुंपणाला असतो तो त्रिधारी निवडुंग किंवा शेर, त्यांचे ते भाऊबंद. ओळख सोपी आहे : जरा खरचटलं की पांढरा चीक येतो. तो चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. नातवंडं सुट्टीला येत असतील तर ही जात अंगणात नकोच. फड्या निवडुंगाचे मोठे काटे तरी दिसतात. त्याच्या ठिपक्यांतली केसांसारखी बारीक कुसं दिसत नाहीत आणि चेंडू आणायला गेलेल्या पोराच्या बोटांत शेकड्यांनी रुततात. हाच फड्या एके काळी दख्खनभर तणासारखा माजला होता, मूळचा अमेरिकेकडचा. 1795 साली कंपनी सरकारच्या काळात लाल रंगाच्या धंद्यासाठी त्यावरचा किडा भारतात आणला गेला. किडा निघाला भलत्याच जातीचा. रंग सुमार मिळाला, पण त्यानं एका जातीचा फड्या पार फस्त केला! दुसऱ्या जातीसाठी पुढं 1926 मध्ये श्रीलंकेतून वेगळा किडा आणावा लागला. तुमच्या फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर बोट लाल झालं, तर याच खानदानातले समजा.

बकुळीचे अवगुणही सांगते, नाहीतर वहिनी पुढं मला बोल लावतील. ती सावकाश वाढते. सदाहरित असली तरी पानं गाळते, फक्त एकदम न गाळता वर्षभर थोडी थोडी, म्हणजे झाडू रोजचा. फळं पिकली की कोकीळ आणि बुलबुल येतात, रात्री वटवाघळं, आणि फरशीवर डाग पडतात. आणि ती पाणी पिते. पानांतून हवेत जाणाऱ्या त्या पाण्यामुळंच तर झाडाखाली गार वाटतं. तुमच्या बोअरची काळजी मात्र नको, शेकडो फूट खालच्या पाण्यापर्यंत बकुळीचं मूळ जात नाही. मचूळपणाचं म्हणाल तर हलका असेल तो ती सोसते, कोकणात समुद्राकाठच्या गावांतही ती वाढते. खड्ड्याभोवती पांढरा थर धरू लागला तर ते पाणी बंद करा आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात धरून तेच द्या.

मग मी तिच्या बाजूनं का? तुमचं घर पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून. अथणीत मार्च ते मे, दुपारी तीननंतर पुढची भिंत तापते आणि रात्री दहापर्यंत घरात वाफ सोडत राहते. निवडुंगांचा अख्खा वाफा लावलात तरी त्या भिंतीवर वीतभर सावली पडणार नाही. पाणी वाचेल, पण ते वाचवून पंख्याखाली घामाघूम बसायचं असेल तर काय उपयोग?

झाड फाटकाच्या कोपऱ्यात, घराच्या भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब घ्या. काळी माती सुकली की आकसते. झाड पायाजवळ असेल तर ते तिथलं पाणी ओढून माती आणखी आकसवतं आणि भिंतीला तडे जातात. खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल. उन्हाळ्यात खणून उघडा तापू द्या. भरताना निम्मी तीच माती, बाकी मुरूम आणि कुजलेलं शेणखत, वर दोन ओंजळी निंबोळी पेंड. भरलेली माती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा, तुंबलेलं पाणी बकुळीलाही चालत नाही. पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक मोठी बादली, दुसऱ्यात पंधरा दिवसांनी, तिसऱ्यात महिन्यानं. रोज तांब्याभर घालू नका, मुळं वरच रेंगाळतात. बुंध्याभोवती उसाचं पाचट वीतभर जाड पसरा, खोडाला मात्र चिकटवू नका. तुमच्या भागात पाचट शेतात जाळतात, मागितलं तर कुणीही देईल.

राहिलं वयाचं. दाट सावलीला सहा-सात वर्षं तरी धरा. तोवर बकुळीपासून आठ-दहा फुटांवर शेवग्याचा एक फाटा रोवा. तो वर्षात छपराएवढा होतो, पाणी जवळपास मागत नाही, आमटीलाही शेंगा मिळतात. फांदी ठिसूळ, त्यामुळं खाली गाडी लावू नका. बकुळ मोठी झाली की शेवगा काढून टाका. निवडुंग चिरंजिवांच्या हौसेसाठी कुंड्यांत ठेवा, दोन-चार, वळचणीखाली.

आणि अंगणात पेव्हर घालणार असाल तर मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवा : कोपऱ्यात चार फूट गोल जागा मोकळी. पाच हजारांचं काम उरकताना ही माणसं बुंध्यापर्यंत सिमेंट नेतात.

प्रश्न : आम्ही खानापूरजवळ राहतो. कुंडीतला निवडुंग दर आषाढात खालून मऊ पडून कुजतो. औषध कुठलं मारू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : औषध नको, छप्पर हवं. तुमच्याकडं मलप्रभेच्या उगमाकडचा पाऊस. अथणीच्या गुरुजींपेक्षा कितीतरी पट. मृगाआधी कुंडी पडवीत घ्या आणि दिवाळीपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवा. कुंडीखालची ताटली काढून टाका. आत्ता कुजतोय त्याचा वरचा घट्ट, हिरवा भाग स्वच्छ सुरीनं कापा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. तो तुकडा सावलीत पंधरवडाभर उघडा ठेवा, कापलेली बाजू कोरडी खडखडीत झाली की जाड वाळूत टेकवा. पाणी त्यानंतर आठवड्यानं.